दाराआडचा हात

तिचं नाव 'भिंग' पडलं ते काही कौतुकाने नाही. ती स्टुडिओत शिरली की कोणीतरी हळूच म्हणायचं, "सांभाळा रे, भिंग आलं," आणि नट मंडळी आपापल्या हातातल्या कपाकडे बघायला लागायची. कामच तसं होतं तिचं. मालिकेतला प्रसंग एका दमात कधी होत नाही. अर्धा आज, अर्धा उद्या, कधी शेवट आधी आणि सुरुवात नंतर. मग आज सासऱ्यांच्या डाव्या हातातला कप उद्या उजव्या हातात जाऊ नये, सुनेचे डूल दाराबाहेर निळे आणि दाराआत हिरवे होऊ नयेत, भिंतीवरचं घड्याळ उलटं चालू नये, हे बघायला एक माणूस लागतं. याला म्हणायचं सलगता सांभाळणं. ते माणूस म्हणजे ही. चांगली पदवी घेतलेली, आणि जात्याच खोड अशी, की अनोळखी माणसाच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात दिसलं तर रस्त्यात थांबवून सांगेल.

मालिका होती 'सासरे घरीच आहेत'. निवृत्त झालेला सासरा, कामावर जाणारा मुलगा आणि दिवसभर सासऱ्याच्या तावडीत सापडलेली सून, एवढ्याशा भांडवलावर तिने लोकांना वर्षानुवर्षं हसवलं. जुनी झाली, पण बंद पडली नाही. अजून दाखवतात, अजून लोक हसतात. फक्त हल्ली हसतात ते चुकांना.

कोणी रिकामटेकड्यांनी त्या चुका वेचून, तुकडे जोडून फोनवर फिरवायला सुरुवात केली होती. सासऱ्यांच्या चष्म्याला कधी काचा आहेत, कधी नुसती चौकट. फ्रीज उघडला की आत दुधाऐवजी मागच्या भिंतीचा रंग. जिना दिमाखात वर जातो, पण वर मजलाच नाही. मुलगा "झोपायला जातो" म्हणून वर गेला की पडद्याआड उकिडवा बसून राहायचा, आणि एका भागात झोपायला गेलेल्या त्या मुलाची शिंक खाली बैठकीत स्वच्छ ऐकू येते. आणि प्रत्येक तुकड्याखाली कोणी ना कोणी विचारलेलं असायचं: सलगता सांभाळणारी बाई झोपली होती का?

झोपली नव्हती! दर वेळी घसा कोरडा करून ओरडली होती. पण मालिकेचं चित्रण समोर प्रेक्षक बसवून व्हायचं, एकच प्रसंग दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, आणि नंतर संकलनाच्या खोलीत ज्या वेळी हशा मोठा, तो तुकडा घ्यायचा, असा दिग्दर्शकाचा शिरस्ता. वाक्य दुपारचं, उत्तर संध्याकाळचं. मधे चहा पिऊन संपलेला. "लोक तोंड बघतात, कप नाही," असं म्हणून दिग्दर्शक मोकळा. पालथ्या घड्यावर पाणी. आणि शेवटच्या नावांच्या यादीत मात्र 'सलगता' म्हणून हिचं नाव. दिग्दर्शक गेला, संकलक परदेशी मुलाकडे, शिव्या खायला उरली ही.

त्यातही एक चूक तिच्या मनात काट्यासारखी रुतलेली होती. बाकी चुकांचा तिला राग होता. या चुकीशी वैर होतं.

प्रसंग असा. घरात कोणी नाही. सासऱ्यांना मनातलं काही बोलायचंय, म्हणून ते सुनेला विचारतात, "कोणी ऐकत नाही ना?" सून म्हणते, "आपण दोघंच आहोत, बाबा. घरात चिटपाखरू नाही." आणि नेमकं तेव्हाच तिच्या पाठीमागचं दार आपोआप उघडायला लागतं. मग दाराच्या कडेवर एक हात येतो. पुरुषाचा, दणकट, अंगठ्याला पट्टी बांधलेला. तो हात कडी चाचपडतो, कडी सापडत नाही, मग दाराची कड घट्ट धरून ठेवतो आणि धरल्या धरल्या एका बोटाने दारावर ताल धरतो. फोनवरच्या पोरांनी त्याला 'भुताचा हात' म्हणून नाव दिलं होतं.

तो हात भुताचा नव्हता. सेट उभारणाऱ्या सुताराचा होता. आणि तो सुतार म्हणजे भिंगाचा नवरा.

कोणी म्हणेल, जोडी कशी जमली? बाईला भिंतीवरची चौकट केसभर तिरपी झालेली खपायची नाही, आणि सुतार अर्धं काम करून हात झटकून म्हणायचा, "होतंय की. कोण बघतंय?" जमली खरी. सकाळी भांडायची, दुपारी एका डब्यात जेवायची. त्या प्रसंगाच्या चित्रणाच्या दिवशी सकाळी घाईत त्याने अंगठ्यावर हातोडी मारून घेतली होती, पट्टी हिनेच बांधली होती, आणि बांधता बांधता विचारलं होतं, "दाराला कडी बसवलीत?"

"वेळ कुठंय? मी मागून धरून उभा राहतो."

"आणि दिसलात तर?"

"कोण बघतंय?"

सगळ्यांनी बघितलं. त्या भागानंतर तिने नवऱ्याशी अबोला धरला, तो तिला आठवत होतं त्यातला सगळ्यात लांबलेला. अबोला सुटला, विषय सुटला नाही. घरात नळ गळला, कपाटाचं दार कुरकुरलं, मुलाचा गृहपाठ अर्धा राहिला, की ही म्हणायची, "राहू दे, बापाने मागून दार धरलंय." आणि टीव्हीवर तो भाग लागला की सुतार खुर्ची पुढे ओढायचा आणि ही स्वयंपाकघरात निघून जायची. तिने तो प्रसंग पुरता असा कधी पाहिलाच नव्हता. चित्रणाच्या वेळी हात दिसला तशी ती ओरडायला सेटमागे धावली होती, आणि नंतर टीव्हीवर हात दिसला की उठली.

सुतार जाऊन आता बराच काळ झाला होता. त्याने पुठ्ठ्याची घडी घालून बसवलेलं कपाटाचं दार अजून तसंच होतं, आणि ती रोज त्या दाराला चार शब्द ऐकवायची.

अशात वाहिनीच्या कचेरीतून फोन आला. 'सासरे घरीच आहेत' नव्याने दाखवायची होती. रंग उजळून, आवाज साफ करून, आणि मुख्य म्हणजे चुका पुसून. हल्ली यंत्रावर म्हणे सगळं पुसता येतं. जाहिरातही ठरली होती: 'आता एकही चूक नाही. सापडली तर दाखवा!' चुका दाखवायला माहितगार हवं होतं, आणि त्या काळातलं हाताशी असं दुसरं कोणी नव्हतं.

"आई, या वयात कशाला दगदग?" घरी तिची सून म्हणाली.

"अगं, उभा जन्म ज्यासाठी बोंबलले, ते कोणीतरी ऐकतंय," ही पदर सावरत म्हणाली. "एक तरी प्रत अशी होऊ दे, की जिच्याखाली माझं नाव बघताना मला तोंड लपवावं लागणार नाही."

"पण तो रिकामा जिना राहिला पाहिजे हं. मला फार आवडतो."

"तू गप्प बस."

काम एका अंधाऱ्या, थंडगार खोलीत चालायचं. यंत्रावर बसणारा माणूस चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, पाठीला उशी लावून बसणारा. भिंगाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव खोडरबर ठेवलं, आणि त्यानेही ते हसून घेतलं. तो एकेक चित्र स्थिर करायचा, मोठं करायचा आणि नको ते पुसून तिथे शेजारचा रंग ओढायचा. हे सगळं आवाज बंद ठेवून. आवाजाचं काम दुसऱ्याच खोलीत, दुसऱ्याच माणसाकडे.

"बोला मॅडम, श्रीगणेशा कुठून करायचा?" त्याने विचारलं होतं.

"त्या हातापासून," ती म्हणाली. विचार करायची गरजच नव्हती. "ते मालिकेच्या तोंडावरचं खरकटं आहे. आधी ते पुसायचं."

त्या वेळी वाहिनीच्या मोठ्या अधिकारी बाईही खोलीत उभ्या होत्या. त्यांना वाक्य फार आवडलं.

खोडरबरने मान खाजवली. "पण मॅडम, तो हात फेमस आहे हो. माझी मुलं सुद्धा..."

"तुझी मुलं काय बघतात ते मला सांगू नकोस. पूस."

त्याने पुसला. आधी अंगठ्याची पट्टी गेली, मग बोटं एकेक करून, आणि दार असं बंद झालं जसं ते सुताराच्या हातून एकदाही झालं नव्हतं. भिंग समाधानाने पाहत राहिली. 'कोण बघतंय म्हणायचात ना? आता कोणीच बघणार नाही,' ती मनात म्हणाली. घरी येऊन नेहमीपेक्षा अर्धी चपाती जास्त खाल्ली.

पुढचे आठवडे कामात गेले. चष्म्याला काचा आल्या, फ्रीजमध्ये दूध आलं, शिंक गेली. जिन्याच्या वर एक मजला उभा राहिला. खोडरबर आता तिला काकू म्हणायला लागला होता आणि ती त्याच्या पाठीसाठी रोज नवा उपाय सांगत होती. मग आवाज जोडून झाले आणि तपासायला म्हणून सगळे भाग सलग बघायची वेळ आली.

तो भाग लागला. सवयीने ती उठायला गेली आणि मग पुन्हा बसली. उठायचं कारणच उरलं नव्हतं.

सासरे विचारतात, "कोणी ऐकत नाही ना?" सून म्हणते, "आपण दोघंच आहोत, बाबा. घरात चिटपाखरू नाही." आणि प्रेक्षक छप्पर उडेल एवढे हसतात.

कशाला?

सासरे बंद दाराकडे टक लावून बघतात. मग अगदी गरीब चेहरा करून म्हणतात, "चिटपाखरू नाही, म्हणतेस?" पुन्हा हास्याचा लोट. सून वळून पाठीमागे बघते, दार बंद आहे, तरी तिचा चेहरा फुटतो, ती सोफ्यावर कोसळते आणि उशीत तोंड खुपसते. सासरे त्या रिकाम्या दाराला मान तुकवून नमस्कार करतात. लोक टाळ्या वाजवतात.

"परत लाव," भिंग म्हणाली.

त्याने परत लावलं. तीनही माणसं, म्हणजे सासरा, सून आणि समोरची सगळी गर्दी मिळून एक माणूस धरला तर तीन, वेडी झाल्यासारखी वाटत होती. बघावं तर दोघांचेही डोळे त्या दारावर, आणि दारावर काही नाही. म्हातारा नट तो; त्याने लिहून दिलेलं वाक्य सोडून त्या हाताशी खेळ मांडला होता. हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. प्रसंगाचं पुढचं सगळं त्या हातावर टेकून उभं होतं, जसं ते दार उभं होतं. हात काढला आणि कारण असलेली एक चूक जाऊन दहा बिनकारणाच्या चुका झाल्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कोणाचा, ते तिला नीट कळेना. खोडरबरचा नाही. स्वतःचा थोडा. बराचसा त्या मेलेल्या माणसाचा. मरूनही हा आपलंच खरं करतो म्हणजे काय?

"जुना दाखव," ती म्हणाली.

"कोणता?"

"हातवाला, अरे!"

त्याने जुना तुकडा लावला. ती पुढे झुकली. हाताने कडी चाचपडली, कड धरली, आणि मग ते एक बोट. टक टक, टक टक. जेवायला उशीर झाला की टेबलावर वाजायचं तेच. तिने शेकडो वेळा त्या बोटावर पळी उगारली होती. शेवटी शेवटी दवाखान्यात, बोलणं बंद झालं होतं तेव्हाही, कॉटच्या दांडीवर तेच वाजत होतं, आणि तिथेही ती म्हणाली होती, "अहो, पुरे ना आता." घरात त्याचे फोटो होते. पण हलणारा असा तो जगात एवढाच उरला होता, मनगटापर्यंत.

"परत बसवता येईल?" तिने विचारलं.

"येईल की. पण वरून मंजुरी लागेल, काकू. आणि घाई करा. मंजुरीचा शिक्का पडला की जुनी प्रत कायमची बंद. मग सगळीकडे हीच दाखवणार."

ती तशीच उठून वरच्या मजल्यावर गेली. तिथे तिला बाकावर बसवून ठेवलं, मग बाई बैठकीत आहेत म्हणून सांगितलं, मग बाई जेवायला गेल्या. ती बसून राहिली. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं. उठून पान उलटलं, परत बसली. शेवटी आत बोलावलं.

"मॅडम, तुम्हीच म्हणालात, तोंडावरचं खरकटं!" अधिकारी बाई हसल्या. त्यांना एकदा ऐकलेलं वाक्य विसरायची सवय नसावी.

"म्हणाले. चुकलं माझं. हात काढला तर लोक का हसतात ते कळत नाही."

"त्यात काय? हशा खाली घेऊ."

"आणि सून का हसते?"

"तिचा तुकडा कापू."

"आणि सासरे दाराला नमस्कार का करतात?"

"म्हातारे आहेत," बाई म्हणाल्या. "मॅडम, जाहिरात गेलीय. एकही चूक नाही. आणि तुम्ही मला सगळ्यात फेमस चूक परत ठेवायला सांगताय?"

भिंगाने पुन्हा समजावलं. कारण आणि परिणाम, नजर आणि वस्तू, कोण कुठे बघतंय आणि का. उभ्या आयुष्याची विद्या पणाला लावली. बाई ऐकत होत्या, म्हणजे मान हलवत होत्या आणि डोळे फोनकडे. हेच तिने पूर्वी दिग्दर्शकाच्या तोंडावर पाहिलं होतं. तेव्हा ती चूक काढा म्हणून भांडायची, आज ठेवा म्हणून. ऐकणाऱ्याचा चेहरा तोच.

"तो माझ्या नवऱ्याचा हात आहे," शेवटी ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं तिला.

बाईंनी फोन पालथा ठेवला. कागदी रुमालांचा डबा तिच्यापुढे सरकवला. "अगं बाई! आधी नाही का सांगायचंत? किती गोड!"

डोळ्यांत टिपूस नव्हतं, तो डबा बघून तिला आणखी चीड आली. एवढा वेळ बरोबर बोलत होते ते गेलं केरात, आणि विधवा म्हटल्याबरोबर पटलं!

"आपण यावर एक छोटीशी मुलाखत करू," बाई रंगात आल्या. "तुम्ही, ते दार, मागे हळू संगीत..."

"मुलाखत नको. हात ठेवा फक्त. तो काही विकायला काढलेला नाही."

"मग लोकांना कळणार कसं? लोक म्हणणार, पुसायचा राहिला. आणि शेवटी 'सलगता व दुरुस्ती' म्हणून तुमचंच नाव आहे, चांगलं मोठं. सगळे तुम्हालाच हसतील हो." बाई आता खरंच काळजीने बोलत होत्या. "असं करू का? तेवढ्या भागावरून तुमचं नाव काढू."

एक निर्दोष प्रत आणि तिच्याखाली आपलं नाव, एवढंच तर मागितलं होतं तिने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"नाव राहू द्या," ती म्हणाली. "पट्टी मी बांधली होती."

बाईंना शेवटचं वाक्य कळलं नाही. त्यांनी मंजुरी मात्र दिली. खोडरबरने हात होता तसा बसवला आणि पट्टीचं एक सुटलेलं टोक दिसत होतं ते मोठं करून विचारलं, "काकू, हे तरी नीट करू?"

तिची जीभ शिवशिवली. "हात लावू नकोस," ती म्हणाली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी तिची सून फोन घेऊन शेजारी बसली होती. प्रसंग आला. दार उघडलं, हात आला. भिंग खुर्ची सोडून उठली नाही. उलट पुढे ओढली. सून फोनकडे बघत पोट धरून हसत होती आणि हसता हसता तिची पंचाईत होत होती.

"आई, लोक तुटून पडलेत. 'एवढं सगळं पुसलं आणि हा हात दिसला नाही? मजला बांधला, पण हात राहिला!' आणि हे बघा, तुमचं नाव मोठं करून टाकलंय कोणीतरी. खाली लिहिलंय, 'बाई अजून झोपलेल्याच!'"

"मेले रिकामटेकडे," भिंग म्हणाली. कान तापले होते तिचे.

"लिहू का खरं काय ते? दोन ओळी लिहिते. सगळे गप्प बसतील."

"काही लिहू नकोस."

"मग हसू देऊ त्यांना तुम्हाला?"

पडद्यावर म्हातारे सासरे दाराला मान तुकवून नमस्कार करत होते. लोक टाळ्या वाजवत होते. बोट वाजतच होतं, टक टक, टक टक, आणि टाळ्यांच्या आवाजात ते नीट ऐकू येत नव्हतं. आवाजाच्या खोलीतल्या त्या माणसाने टाळ्या नको तितक्या वर घेऊन ठेवल्या होत्या. धड एक काम कोणी करेल तर शपथ!

"हसू दे," ती म्हणाली. "तू आधी तो आवाज वाढव. आणि कपाटाच्या दारासाठी उद्या मिस्त्री बोलावलायस ना? नको म्हणून कळव त्याला."